महोगनी व एका पेटीचा काळनिर्णय

गतवर्षीं एका संग्राहक मित्रांनीं आम्हांस पोथ्यांची एक तांबूस, गुळगुळीत पेटी दाखविली. घरांतील समजूत अशी कीं, सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत पुण्याच्या सुतारानें ती आपल्याकडील महोगनीची केली. सबब आंतील बिनतारखी कागदही त्याच काळचे. आम्हीं हें खरें मानून तसें टांचण करून ठेविलें. तें टांचण आज मागें घेतों.

महोगनीचें मूळस्थान वेस्ट इंडीजमधील जमेका, क्यूबा इत्यादि बेटें व अमेरिका खंडाचा कांहीं भाग. फळी रुंद निघते, वांकत नाहीं, झिलई उत्तम घेते. इंग्लंडानें १७२१ सालीं वसाहतींतील लांकडावरील जकात उठविली, तेव्हांपासून तेथील मेज-कपाटांत अक्रोडाची जागा तिनें घेतली. हाँडुरासच्या किनाऱ्यावर ती तोडण्याची मोकळीक इंग्रजांस १७८६ च्या तहानें मिळाली. तोडणारे हात मात्र आफ्रिकी गुलामांचे होते.

हिंदुस्थानांत हीं रोपें १७९५ त कलकत्त्याच्या वनस्पतिबागेंत आलीं. सवाई माधवरावांचा अंत त्याच सालचा. अर्थात् त्यांच्या हयातींत येथील महोगनीची पेटी होणें अशक्य. पेशवाई १८१८ त बुडाली तेव्हांही तीं झाडें तेवीस वर्षांचींच होतीं. परदेशाहून आलेलें सामान असणें शक्य होतें, परंतु तें निराळें प्रमाण मागतें.

मग ही पेटी कशाची? झांकणाच्या आडव्या छेदाचा थोडा भाग तासून भिंगाखालीं पाहिला. महोगनींत छिद्रें सर्वत्र सारखीं पसरलेलीं असतात. येथें मोठीं छिद्रें वार्षिक वलयांच्या आरंभीं ओळीनें दिसलीं. हें लक्षण तुणीचें. अमरकोशांतील तुन्न, नंदिवृक्ष हीं नांवें तिचींच समजतात. ती महोगनीच्याच कुळांतली असून सह्याद्रींत आढळते. महोगनीस संस्कृत नांवच नाहीं.

तुणी येथें पूर्वापार आहे. तेव्हां पेटीवरून कोणताच काळ ठरत नाहीं. कागदांचा काळ मोडीचें वळण, कागदाची जात व आंतील व्यक्तींचीं नांवें यांवरूनच ठरविला पाहिजे. आमच्या टांचणाच्या आधारें कोणीं या दप्तरास १७९५ पूर्वींचें म्हटलें असल्यास तें दुरुस्त करावें, व आपल्या संग्रहांतील ‘महोगनी’ पेट्या एकदां भिंगाखालीं पाहून काय आढळलें तें कळवावें, अशी विनंति आहे.