टेनिस : लक्ष्यक्षेत्रे आणि जागा धरणे

टेनिसमध्ये चेंडू कोणत्या भागात टाकायचा आणि तो टाकल्यावर स्वतः कुठे उभे राहायचे, याचे डावपेच. ही दोन्ही अंगे वेगवेगळी शिकवली जातात. सामन्यात मात्र ती एकाच निर्णयाचा भाग असतात, कारण प्रत्येक फटका मारणाऱ्याचीही पुढची जागा ठरवून टाकतो.

कोर्टाची लांबी २३.७७ मीटर, रुंदी एकेरीसाठी ८.२३ आणि दुहेरीसाठी १०.९७ मीटर. नेट खांबांपाशी १.०७ मीटर उंच असते, मध्यभागी ०.९१४ मीटरपर्यंत उतरते. क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरक्या कोपऱ्याकडे मारलेल्या, फटक्याला नवशिक्यापासून जगज्जेत्यापर्यंत सगळे पसंती देतात, त्याचे कारण या आकड्यांत आहे. एकेरीच्या कोर्टाचा कर्ण साधारण २५.१५ मीटर भरतो. म्हणजे चेंडूला सरळ फटक्यापेक्षा सव्वा मीटरहून जास्त वाट मिळते आणि तो नेटच्या सखल भागावरून जातो. डाऊन द लाइन, म्हणजे बाजूच्या रेषेलगत सरळ, मारताना वाट आखूड आणि नेट उंच, असा दुहेरी तोटा होतो.

सर्व्हिसची लक्ष्ये तीन : बाहेरचा कोपरा, प्रतिस्पर्ध्याचे अंग आणि मधला ‘टी’, म्हणजे सर्व्हिस लाइन आणि मध्यरेषा मिळतात ती जागा. बाहेरची सर्व्हिस समोरच्याला कोर्टाबाहेर खेचते, पण त्याला परतीचा तिरका कोनही देते. ‘टी’वरची सर्व्हिस हा कोन आवळते. रॅलीत सर्व्हिस लाइन आणि बेसलाइन यांच्यामधला साडेपाच मीटरांचा पट्टा, त्यातही त्याचे मागचे कोपरे महत्त्वाचे. सरावात तिथे शंकू मांडतात. शहाणा प्रशिक्षक ते रेषेवर न ठेवता हातभर आत ठेवतो. रेषेला चाटून जाणारा फटका टाळ्या मिळवतो, गुण मात्र तितक्या वेळा मिळवत नाही.

फटक्यानंतर बेसलाइनच्या मध्यखुणेवर परतावे हा सल्ला अर्धाच खरा आहे. प्रतिस्पर्ध्याच्या शक्य परतीच्या फटक्यांचा जो कोन होतो, त्याच्या दुभाजकावर उभे राहावे लागते. उजव्या कोपऱ्यातून क्रॉसकोर्ट मारला तर ही जागा मध्यखुणेच्या किंचित उजवीकडेच येते. धाव थोडी पडते. तिथूनच सरळ मारला तर मध्य ओलांडून डावीकडे पळावे लागते. म्हणून पाय पोचणार नसतील तेव्हा सरळ फटका खेळणे हा जुगार ठरतो.

खो-खो पाहिलेल्याला टेनिसमधली हुलकावणी वेगळी समजवावी लागत नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही. नियमच आड येतो. टेनिसपटूला नियमाची आडकाठी नसते, पण धावताना अंगाचा भार ज्या बाजूला गेला तिथून तो चटकन परतत नाही. त्यामुळे मोकळ्या कोपऱ्यापेक्षा धावणाऱ्याच्या पाठीमागे टाकलेला चेंडू पुष्कळदा अधिक घातक ठरतो.

दुहेरीत हे शास्त्र सर्वांत दाट होते. चार खेळाडूंत मोकळी जागा कमी उरते, आणि उत्तम लक्ष्य बहुधा दोघांच्या मधोमध असते : नेट सखल, कोन बंद, शिवाय चेंडू कोणी घ्यायचा हा घोळ. जोडीने चेंडूच्या बाजूला एकत्र सरकायचे आणि लांबचा तिरका कोपरा जाणूनबुजून मोकळा सोडायचा, कारण तिथे मारणे सर्वांत अवघड असते. ‘आय’ रचनेत सर्व्हिस करणाऱ्याचा साथीदार नेटजवळ मध्यरेषेवर ओणवा बसतो आणि सर्व्हिस होताच ठरलेल्या बाजूला झेपावतो. परतवणाऱ्याला अंदाज बांधायला वेळच मिळत नाही. ‘टी’वरची सर्व्हिस या झेपेला पूरक असते. जोडी नेटला फारच चिकटली तर तिच्या डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच फटका, हा त्यावरचा जुना उतारा.

महाराष्ट्राच्या टेनिसपटूंचे आशियाई खेळांतले ठळक यश दुहेरीत दिसते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे हिने सानिया मिर्झासह २०१४च्या इंचॉन आशियाई खेळांत महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. हीच जोडी २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पहिल्या फेरीत पेंग श्वाई आणि झांग श्वाई या चिनी जोडीकडून तीन सेटमध्ये हरली. ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासह हांगझोऊच्या आशियाई खेळांत, ३० सप्टेंबर २०२३ रोजी, मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात पहिला सेट २–६ असा गमावल्यावर या जोडीने दुसरा ६–३ आणि निर्णायक टायब्रेक १०–४ असा घेतला.