दोन डगरींवर पाय ठेवणारें विमान

जें यंत्र दोन कामें करूं जातें, त्याच्याकडून एकही धड होत नाहीं, असा समज फार जुना आहे. दोन डगरींवर पाय ठेवणारा अखेर पाण्यांत पडतो, हें मराठी मुलखांत पोरही सांगेल. उभयचर विमानाचा तर धंदाच मुळीं दोन डगरींवर उभें राहण्याचा! त्याला जमिनीसाठीं चाकें हवींत, पाण्यासाठीं नावेसारखें बूड हवें, आणि हें सारें ओझें घेऊन पुन्हां आकाशांत चढावयाचें असतें. अमेरिकेंतील ग्लेन कर्टिस यानें १९११ सालीं आपल्या जलविमानाला चाकें बसवून ही तिहेरी कसरत करून दाखविली. तेव्हांपासून अशा जातीचें नवें विमान पुढें आलें कीं मतांचे दोन तट पडत आले आहेत. हे तट कशावरून पडतात आणि काळ त्यांचा निवाडा कसा करतो, हें पाहावयाचें तर ‘सीबी’ या विमानाची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

पर्सिव्हल स्पेन्सर हा या विमानाचा जनक. त्यानें १९४१ सालीं ‘एअर कार’ नांवाचें लहानसें लांकडी उभयचर विमान बांधून उडविलें. पुढें युद्धकाळांत तो न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवरच्या रिपब्लिक कंपनींत चांचणी-वैमानिक झाला. ही कंपनी त्या वेळीं ‘थंडरबोल्ट’ जातीचीं लढाऊ विमानें हजारोंनीं तयार करीत होती. युद्ध थांबल्यावर एवढ्या मोठ्या कारखान्याला काम कोणतें द्यावयाचें, हा प्रश्न चालकांपुढें होताच. त्यांनीं स्पेन्सरची कल्पना विकत घेतली, लांकडाच्या जागीं धातु आणला, आणि ३० नोव्हेंबर १९४४ रोजीं पहिला नमुना उडविला. त्याचें सुधारलेलें, चार आसनांचें रूप १ डिसेंबर १९४५ रोजीं आकाशांत गेलें, तेंच ‘सीबी’.

रूप मात्र असें, कीं पाहणाऱ्याला बेडकाच्या पिल्लाची आठवण व्हावी. पुढचा भाग मोटारीसारखा रुंद व फुगीर; मागें एकदम निमुळती होत गेलेली दांडी व तिच्या टोंकाला शेपूट. पंख डोक्यावर, आणि त्यांच्याखालीं तोल सांवरणारे दोन तरंगते डबे. इंजिन नाकाशीं नसून बसण्याच्या जागेच्या पाठीमागें, उंचावर. त्याचा पंखा विमानाला पुढून ओढीत नसे, मागून ढकलीत असे. या विचित्रपणाला कारणें होतीं. उंचावरच्या पंख्यावर पाण्याचे तुषार कमी उडत; वैमानिकाला समोरचें सारें दिसे; आणि धक्क्याला लागतांना पुढच्या दारांतून बाहेर येऊन दोर धरणाऱ्या माणसाला फिरत्या पंख्याची भीति नसे. पंख्याचीं पातीं उलट वळविण्याची सोयही मिळे, त्यामुळें हें विमान पाण्यावर होडीप्रमाणें मागें घेतां येई.

पुरस्कर्त्यांना यांत उद्यांच्या युगाची चाहूल दिसली. लाखो तरुण सैन्यांतून विमानविद्या शिकून परत येत होते. प्रत्येक सुखवस्तु घरापुढें मोटारीशेजारीं विमानही उभें राहील, अशी आशा त्या दिवसांत अमेरिकेंत सर्रास बोलली जाई. ज्याला तळें हीच धांवपट्टी, त्याला विमानतळाची वाण कसली?

आक्षेप घेणारांचें लक्ष आंकड्यांकडे होतें. भरल्या विमानाचें वजन ३,००० पौंड, आणि इंजिन २१५ अश्वशक्तीचें. एवढ्या शक्तीवर हा देह पाण्यापासून सुटावयाला वेळ घेई, सावकाश चढे, आणि इंजिन बंद पडल्यास फार दूर तरंगत न जातां झपाट्यानें खालीं येई. शिवाय इंजिन उंचावर असल्यानें जोर वाढविला कीं नाक खालीं दबे, आणि जोर एकाएकीं गेला कीं तें वर उचललें जाई. साध्या विमानावर शिकलेल्या हाताला ही चाल नवी होती. हे आक्षेप द्वेषाचे नव्हते; ते खरे होते.

मग निवाडा काय झाला? १९४६ च्या जुलैपासून विमानें ग्राहकांच्या हातीं पडूं लागलीं. आरंभीं ३,५०० डॉलरांचें आश्वासन होतें. ती किंमत चढत चढत ६,००० डॉलरांवर गेली. इकडे युद्धांतून उरलेलीं विमानें स्वस्तांत मिळत होतीं, आणि घरीं परतलेल्या वैमानिकांना आधीं घर व नोकरी हवी होती. १९४६ सालीं अमेरिकेंत तीस हजारांहून अधिक खाजगी विमानें बनलीं. पुढच्याच वर्षीं हा आंकडा सुमारें निम्म्यावर आला. रिपब्लिकनें १९४७ च्या ऑक्टोबरमध्यें १,०६० विमानांवर काम थांबविलें, आणि आपलें बळ लष्करी जेट विमानांकडे वळविलें.

येथें दोष आकाराचा, कीं किंमतीचा? त्याच १९४७ सालीं बीच कंपनीचें ‘बोनान्झा’ हें चार आसनांचें विमान बाजारांत आलें. तें सीबीहून महाग होतें. तरी तें पुढें अनेक दशकें बनत राहिलें. त्याच्या ग्राहकाला वेग हवा होता, आणि तें कमी शक्तीच्या इंजिनावर सीबीपेक्षां कितीतरी जलद जाई. सीबीची जाहिरात मात्र सर्वांसाठीं झाली, आणि त्याची खरी गरज थोड्यांनाच होती. हे थोडे लोक त्याला विसरले नाहींत. कॅनडा व अलास्कांतील सरोवरांच्या प्रदेशांत, नॉर्वेच्या खाड्यांवर, जेथें रस्ता संपतो व पाणी सुरू होतें, तेथें हीं विमानें वर्षानुवर्षें राबलीं. कोणी त्यांत अधिक शक्तीचें इंजिन घातलें, कोणी एकाच्या जागीं दोन बसविलीं. आजही त्यांतलीं कांहीं उडत आहेत. आक्षेपकांनीं दाखविलेली उणीव या लोकांनीं नाकारली नाहीं; ती ओळखून त्यांनीं दुरुस्त केली.

पुढच्यास ठेंच मागचा शहाणा, असें म्हणतात. पण साठ वर्षांनीं ठेंच तेथेंच लागली. कॅलिफोर्नियांतील आयकॉन कंपनीचें ‘ए-५’ हें दोन आसनांचें उभयचर विमान २००८ सालीं प्रथम उडालें. इंजिन १०० अश्वशक्तीचें, पाठीमागें बसविलेलें. पंख मिटवून तें मोटारीमागें गाडीवर ओढून नेतां येई. पुन्हां तेच दोन तट पडले: कोणाला हें आकाश सर्वांना खुलें करणारें वाटलें, कोणाला धनिकांचें खेळणें. आरंभीं १,३९,००० डॉलर सांगितलेली किंमत २०१७ पर्यंत ३,८९,००० डॉलरांवर गेली, आणि २०२४ सालीं कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला.

विचित्र दिसणारें यंत्र पाहिलें कीं लोक त्याच्या रूपावर वाद घालतात. तो वाद तंत्रज्ञांनीं मिटवावा. विकणारानें व घेणारानें आधीं विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: दोन डगरींच्या मध्यें ज्याचें घर खरोखरच आहे, असा माणूस कोण, आणि असे किती?