'ड्रॅगन क्वेस्ट' खेळमालिकेतील मेनूची वाटचाल (१९८६ ते २०१७)

प्रस्तावना :

व्हिडिओ गेम या माध्यमाचा इतिहास लिहिताना चित्रांची सफाई, संगीत, यंत्राची क्षमता व विक्रीचे आकडे यांचाच विचार बहुधा केला जातो. खेळाडू ज्या पडद्यावरून पात्राला आज्ञा देतो, जवळची सामग्री तपासतो आणि खेळाची नोंद ठेवतो, तो मेनू मात्र उपेक्षित राहतो. दप्तराच्या अभ्यासकाने मजकूर वाचावा आणि ज्या छापील नमुन्यात तो भरला गेला त्याकडे पाहूच नये, तसाच हा प्रकार होय. वस्तुतः खेळाडूने काय करावयाचे आणि यंत्राने काय करावयाचे, याची वाटणी मेनूतच ठरते. जपानमधील 'ड्रॅगन क्वेस्ट' या मालिकेच्या आधारे प्रस्तुत लेखात या वाटणीचा मागोवा घेतला आहे. मालिकेचे सूत्रधार युजी होरिई हे आरंभापासून कायम राहिल्याने तिच्यातील बदलांची संगती लावणे तुलनेने सुकर होते.

पूर्वपीठिका :

होरिई यांचा 'पोर्टोपिया' हा गुन्हेशोधाचा खेळ १९८३ मध्ये घरगुती संगणकासाठी आला, तेव्हा खेळाडूला आज्ञा कळफलकावर टंकित कराव्या लागत. नेमका शब्द न सुचल्यास खेळ अडून राही. त्याच वर्षी निन्टेन्डो कंपनीने 'फॅमिकॉम' हे दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे खेळयंत्र बाजारात आणले. त्याला कळफलक नव्हता. हाती होते ते दिशादर्शक कळ आणि मोजकी बटणे. म्हणून १९८५ मध्ये 'पोर्टोपिया' या यंत्रावर आला तो आज्ञांची तयार यादी घेऊनच. यादीतून शब्द निवडण्याची ही रीत साधनाच्या उणिवेतून रुळली, हे ध्यानात ठेवावयास हवे.

अमेरिकेतील 'अल्टिमा' या संगणकीय खेळात कळफलकाच्या एकेका अक्षराला एकेक कृती नेमून दिलेली होती. होरिई यांनी 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' या दोन्ही खेळांपासून प्रेरणा घेतली. परंतु अक्षरांच्या जागी त्यांनी शब्दांची चौकट आणली.

आठ आज्ञांची चौकट :

मे १९८६ मधील पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये काळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांत आठ आज्ञा होत्या : बोलणे, स्थिती, जिना, दार, मंत्र, वस्तू, तपासणे आणि घेणे. जिन्यावर उभे राहूनही 'जिना' ही आज्ञा निवडल्याखेरीज मजला बदलत नसे. 'बोलणे' निवडल्यावर पूर्व, पश्चिम, दक्षिण की उत्तर, हेही सांगावे लागे. कारण नायकाचे चित्र सदैव प्रेक्षकाकडे तोंड करून असे आणि तो कोणाकडे पाहत आहे हे चित्रावरून कळण्यास मार्ग नव्हता. संपूर्ण खेळ ६४ किलोबाइटमध्ये बसवावयाचा होता. 'काताकाना' लिपीतील निवडक अक्षरांनाच त्यात जागा मिळाली आणि राक्षसांची व मंत्रांची नावे त्या अक्षरांत बसतील अशीच योजावी लागली. जागेच्या टंचाईचा परिणाम येथे थेट शब्दसंग्रहापर्यंत पोहोचलेला दिसतो.

खेळाची नोंद ठेवण्याची सोयही यंत्रात नव्हती. त्याऐवजी वीस अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' पडद्यावर येई आणि खेळाडू तो कागदावर उतरवून घेई. दुसऱ्या भागात (१९८७) नायक एकाचे तीन झाले आणि मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत वाढला. एक अक्षर चुकले की सारा श्रम वाया जाई. हस्तलिखितांच्या नकलेतील लेखनिकाच्या प्रमादांची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. तिसऱ्या भागाने (१९८८) कार्ट्रिजमध्ये बॅटरी बसवून 'साहसाची वही' दिली. तीही निर्धोक नव्हती. नोंद पुसली गेल्याची वार्ता कर्कश सुरावटीसह पडद्यावर येई व ती खेळाडूंच्या दीर्घकाळ स्मरणात राहिली.

आज्ञांचा संकोच :

यानंतरचा इतिहास यादी आखडत जाण्याचा आहे. दुसऱ्या भागापासूनच पाऊल पडताच जिना चढला जाऊ लागला आणि पात्रे वळू लागल्याने दिशा विचारण्याचे कारण उरले नाही. चौथ्या भागात (१९९०) मात्र यंत्राने खेळाडूच्या अधिकारालाच हात घातला. शेवटच्या प्रकरणात लढाईतील सोबत्यांना थेट आज्ञा देता येत नसे. केवळ धोरण ठरवून द्यावयाचे आणि कृती यंत्राने निवडावयाची. पाचव्या भागात (१९९२) 'आज्ञा मी देईन' असा पर्याय पुन्हा दाखल करावा लागला, यावरून ही वाटणी खेळाडूंना सर्वस्वी मानवली नसावी असा तर्क करता येतो. त्याच भागात 'सोयीचे बटण' आले : समोर माणूस असल्यास बोलणे, नसल्यास तपासणे. क्रिया ठरविण्याचे काम आता प्रसंगाकडे गेले. तरीही आज्ञांची जुनी चौकट काढून टाकलेली नव्हती, ही बाब लक्षणीय आहे.

दोन देश, दोन पडदे :

आठवा भाग नोव्हेंबर २००४ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला. चित्रे त्रिमितीय, भूप्रदेश विस्तीर्ण; मेनू मात्र काळ्या चौकटीचा आणि पांढऱ्या अक्षरांचाच. जागेची टंचाई तोवर संपलेली होती. साधेपणा आता निवडलेला होता. वर्षभराने हाच खेळ अमेरिकेत गेला तेव्हा प्रकाशकांनी संवादांना आवाज दिला, वाद्यवृंदाचे संगीत घातले आणि मेनू पूर्णतः नव्याने रचला : वस्तूंची चित्रे, चिन्हे, सजविलेली पार्श्वभूमी. जपानी खेळाडूला परंपरा वाटणारी चौकट परदेशी ग्राहकास जुनाट वाटेल, असा हिशेब यामागे असावा. मेनूकडे केवळ तांत्रिक सोय म्हणून पाहिल्यास एकाच कथेला दोन पडदे का लागले, याचा उलगडा होत नाही. अर्थात अमेरिकी खेळाडूंसाठी असा फेरफार नवा नव्हता. १९८९ मध्ये पहिला भाग 'ड्रॅगन वॉरियर' या नावाने तेथे गेला, तेव्हाही मंत्राऐवजी बॅटरीची नोंद आली होती व पात्रे वळती करण्यात आली होती. 'जिना' ही आज्ञा मात्र तशीच राहिली.

अकरावा भाग जुलै २०१७ मध्ये जपानमध्ये आला. यंत्र आपोआप नोंद ठेवीत असतानाही त्यात 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' पुन्हा देण्यात आला आणि ज्यांना हवा असेल त्यांनी तो पूर्वीप्रमाणे कागदावर उतरवून घ्यावयाचा होता.