फी भरायची, पण आधी मरणाची व्याख्या

माझा विषय सांगितला की समोरचा म्हणतो, "अच्छा, शिष्यवृत्त्यांचा इतिहास!" म्हणायला हरकत नाही. पण जुने कायदे वाचताना प्रश्न वेगळाच समोर येतो: कर्तव्य बजावताना मरण आलं, असं सरकार कधी मानतं?

गोष्ट अमेरिकेतली आहे. लष्करी सेवेमुळे ज्यांचे आई किंवा वडील गेले, अशा मुलांच्या शिक्षणासाठी तिथे १९५६ साली कायदा झाला. पूर्णवेळ शिकणाऱ्याला महिन्याला ११० डॉलर. पोलीस आणि अग्निशमन जवानांची मुलं त्यात नव्हती. १९७६ साली राज्य आणि स्थानिक पातळीवरच्या या जवानांच्या वारसांना एकरकमी ५०,००० डॉलर देणारा कायदा आला. कॉलेजच्या खर्चाचं मात्र त्यात काहीच नव्हतं.

त्यासाठी आणखी २० वर्षं गेली. आणि गंमत बघा, १९९६ साली शिक्षणाची मदत सुरू झाली ती फक्त केंद्रीय पोलीस अधिकाऱ्यांच्या जोडीदारांना आणि मुलांना. ज्यांच्यासाठी १९७६ चा कायदा झाला, त्या स्थानिक जवानांच्या घरी ती पोचली १९९८ साली. दर ठरले ते सैनिकांच्या मुलांना मिळतात तेच.

आता खरी मेख. शिक्षणाची मदत मिळण्यासाठी मृत्यूच्या भरपाईचा हक्क सिद्ध व्हावा लागतो. तिची अट होती, शारीरिक इजेमुळे मृत्यू. आग विझवून घरी आलेला जवान रात्री हृदयविकाराने गेला, तर ती इजा धरायची का? बहुतेकदा उत्तर 'नाही' असायचं. ड्यूटीवरच्या अग्निशमन जवानांच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण हृदयविकार असूनही!

२००३ च्या दुरुस्तीने नियम बदलला: कष्टाच्या कामगिरीनंतर २४ तासांच्या आत हृदयविकार किंवा पक्षाघाताने मृत्यू आला, तर उलट वैद्यकीय पुरावा नसल्यास तो कर्तव्यावरचाच मानायचा. २०२२ साली कामावरच्या मानसिक आघातानंतर झालेल्या काही आत्महत्यांनाही कायद्यात जागा मिळाली.

वडील गेले तेव्हा मुलगी आठ वर्षांची असेल, तर फीचा प्रश्न येतो दहा वर्षांनी. त्याचं उत्तर मात्र कुणीतरी त्या जुन्या फाइलवर आधीच लिहून ठेवलेलं असतं. म्हणून मी रकमांच्या आधी व्याख्या वाचते.