नव्वद दिवसांची मुदत आणि खानदेशचा परवाना

भुसावळच्या जुन्या युरोपीय दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये त्यांची नेमणूक केली. एप्रिल १८७९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे आयुष्य त्याच परिसराशी बांधलेले राहिले. ही जवळजवळ पस्तीस वर्षे झाली. आज एखाद्या ब्रिटिश चित्रकाराला इटलीतल्या एखाद्या चर्चची भित्तिचित्रे सलग चार महिने अभ्यासायची असतील, तर त्याला आधी दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळवावा लागतो. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत त्याला अशा व्हिसाची गरज नव्हती.

हा बदल ब्रेक्झिटने घडवला. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, ३१ जानेवारी २०२० रोजी तो देश बाहेर पडला आणि संक्रमणकाळ त्या वर्षाच्या अखेरीस संपला. तोवर ब्रिटिश नागरिकाला युरोपीय संघाच्या नागरिकासारखेच राहण्याचे हक्क होते. स्पेनच्या किनाऱ्यावर घर घेऊन हिवाळाभर तेथे राहणाऱ्या निवृत्त जोडप्याला फार तर नोंदणी करावी लागे. परवानगी मागावी लागत नसे. १ जानेवारी २०२१ पासून तेच जोडपे ‘तिसऱ्या देशाचे’ झाले. शेंगेन क्षेत्रातील सर्व देश मिळून, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, एवढीच त्यांची मुदत उरली.

हा हिशेब वरवर वाटतो तितका सरळ नाही. १८० दिवसांची चौकट रोज एक दिवस पुढे सरकते आणि येण्याचा व जाण्याचा दिवसही त्यात धरला जातो. १ जानेवारीला स्पेनमध्ये उतरलेल्या माणसाचे नव्वद दिवस ३१ मार्चला भरतात. मग ३० जूनच्या आधी त्याला स्पेनमध्येच काय, फ्रान्स वा ग्रीसमध्येही पुन्हा पाऊल टाकता येत नाही. घर त्याचे, घरपट्टी तोच भरतो. राहण्याचा हक्क मात्र घराच्या कागदाबरोबर मिळत नाही.

परक्या भूमीत इंग्रजाने किती काळ राहावे, हा प्रश्न काही ब्रेक्झिटने प्रथम उभा केलेला नाही. त्याचा एक जुना आणि क्वचितच सांगितला जाणारा अध्याय खानदेशात सापडतो. तेथे इंग्रजाला अडवणारे इंग्रजच होते.

जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने होळकरांनी खानदेशावरील हक्क सोडला. फेब्रुवारीत थाळनेरचा किल्ला पडला, पेशवाईही त्याच वर्षी संपली आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्याहून नव्या मुलखाचा कारभार पाहू लागला. पुढे १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. ही सगळी माणसे कंपनीची चाकर होती. मँचेस्टरचा एखादा कापडव्यापारी स्वतःच्या मर्जीने धुळ्यास येऊन दुकान थाटू शकला असता काय? नाही. त्यासाठी कंपनीचा परवाना लागे.

मक्तेदारीच्या काळात परवान्याविना हिंदुस्थानात आलेला इंग्रज कायद्याने गुन्हेगार ठरे आणि त्याला परत पाठवता येई. त्यामागे व्यापाराचा मत्सर होताच, पण भीतीही होती. मोकाट गोरे लोक रयतेला छळतील, संस्थानिकांशी परस्पर संधान बांधतील आणि कंपनीचा दरारा मातीत मिळवतील, अशी ती भीती होती. पुढे १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे विल्यम केरी १७९३ मध्ये परवान्याविनाच बंगालमध्ये उतरले होते. १८०० मध्ये ते सहकाऱ्यांसह श्रीरामपूरला जाऊन राहिले, कारण ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि नव्या मिशनऱ्यांना कंपनीच्या मुलखात थारा नव्हता. म्हणजे इंग्रजाला इंग्रजांपासून आसरा मिळाला तो डेन लोकांच्या झेंड्याखाली!

१८१३ च्या सनदी कायद्याने दार किलकिले झाले. व्यापारी आणि मिशनरी येऊ लागले, पण परवान्यानेच. दिलेला परवाना काढूनही घेता येई. १८२३ मध्ये ‘कलकत्ता जर्नल’चे संपादक जेम्स सिल्क बकिंगहॅम यांच्यावर ही वेळ आली. सरकारवरील टीका भोवली, परवाना रद्द झाला आणि त्यांना मायदेशी जावे लागले. भरभराटीला आलेले पत्र, मांडलेला संसार, यांतले काहीही त्यांच्या कामी आले नाही.

१८३३ चा सनदी कायदा येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. पाठ्यपुस्तकांत एक ओळ असते: या कायद्याने युरोपियनांना हिंदुस्थानात राहण्याची मोकळीक मिळाली. ही ओळ अपुरी आहे. जकात नाक्याच्या बंदरात उतरून आपले नाव, जाण्याचे ठिकाण आणि हेतू लेखी कळवला की परवान्याशिवाय राहता येई. पण ते मुख्यतः १ जानेवारी १८०० रोजी कंपनीच्या ताब्यात असलेल्या प्रदेशांत. उरलेल्या मुलखात परवाना लागेच, किंवा गव्हर्नर जनरलने तो प्रदेश खुला जाहीर करावा लागे. खानदेश कंपनीकडे आला तो १८१८ मध्ये. म्हणून मुंबई बेटावर बिनापरवाना राहू शकणाऱ्या इंग्रजाला त्या कायद्यानुसार धुळे, धरणगाव वा एरंडोल आपोआप मोकळे झाले नव्हते. एका तारखेने देशाचे दोन भाग केले होते.

हिंदी पुढाऱ्यांचे मत या बाबतीत एकमुखी नव्हते. शिकलेले आणि भांडवलदार युरोपीय स्थायिक व्हावेत, असे राममोहन रॉय यांना वाटे. त्यांनी १८३२ मध्ये तसे लिहूनही मांडले. आज हे वाचताना कानांना खटकते, पण त्यांच्या मनात कंपनीच्या मक्त्याला शह देण्याचा विचार होता.

गिल यांची गोष्ट या चौकटीत ठेवून पाहावी. अजिंठा निजामाच्या राज्यात होते, खानदेशच्या सीमेलगत. तेथे त्यांना इतका काळ राहता आले त्यामागे त्यांची कलेची ओढ होती, तशी कंपनीच्या लष्करातील चाकरी आणि सरकारी नेमणूकही होती. प्रेमकथा म्हणून पारोचे नाव सर्वांना ठाऊक असते; नेमणुकीच्या कागदाची आठवण कोणी काढत नाही.

१८५८ मध्ये कारभार राणीकडे गेला आणि कंपनीच्या परवान्याचा काळ सरला. मग ब्रिटिश माणूस येथे परका राहिलाच नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या मूळ व्याख्येतही ब्रिटिश प्रजाजन परकीय नव्हते. ही व्याख्या १९५७ मध्ये बदलली आणि भारताचा नागरिक नसलेला प्रत्येक जण परकीय ठरला. तरीही राष्ट्रकुलाच्या नात्याने ब्रिटिश प्रवासी व्हिसाविना येतच राहिले. पंजाबातील अशांततेच्या पार्श्वभूमीवर १९८४ मध्ये भारताने त्यांना व्हिसा सक्तीचा केला, तेव्हा ती सवलतही संपली. दोनच वर्षांनी ब्रिटनने भारतीयांवर तेच बंधन घातले.

युरोपात आज हीच ओढाताण चालू आहे. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी रीतसर स्थायिक झालेल्या ब्रिटिशांचे हक्क माघार करारामुळे टिकले. येथेही एका तारखेनेच विभागणी केली. उरलेल्यांसाठी त्या त्या देशाचा दीर्घ व्हिसा आहे. स्पेनमध्ये काम न करता राहायचे, तर पुरेसे उत्पन्न दाखवावे लागते. फ्रान्समध्ये घर असलेल्या ब्रिटिशांना दीर्घ व्हिसा आपोआप मिळावा, अशी तरतूद तेथील संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केली होती. पुढच्याच महिन्यात घटना परिषदेने ती रद्द केली.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. १८३३ च्या कायद्यानुसार बंदरावरचा जकात अधिकारी नाव, ठिकाण आणि हेतू लिहून घेत असे. नवी यंत्रणा प्रवेश आणि निर्गमन नोंदवते आणि दिवस स्वतःच मोजते.