अचूकतेचे माप : एका रायफलीची दोन चरित्रे

'अचूक' हा शब्द आपण नकारातून घडवला आहे. जे चुकत नाही ते अचूक. नेमबाजाचा नेम, भाषांतरकाराचा शब्द, संपादकाने सिद्ध केलेला पाठ, अशा सर्व ठिकाणी आपण तो सारख्याच विश्वासाने वापरतो. परंतु काय चुकत नाही आणि कोणाच्या मापाने चुकत नाही, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. एका रशियन रायफलीचा इतिहास वाचताना आम्हाला हे प्रश्न टाळता आले नाहीत. आम्ही साहित्याचे अध्यापक; शस्त्रविद्येत आम्हाला गती नाही. तरीही वस्तूंना चरित्र असते आणि ते शब्दांच्या चरित्राशी गुंतलेले असते, एवढ्या आधारावर हे धाडस करीत आहोत.

प्रारंभ एका शब्दापासूनच करू. लपून अचूक नेम धरणाऱ्या सैनिकाला आज जगभर 'स्नायपर' म्हणतात. या शब्दाचे मूळ अठराव्या शतकातील हिंदुस्थानात आहे. दलदलीतून वेडीवाकडी वळणे घेत उडणारा पाणलावा, इंग्रजीतला 'स्नाइप', टिपणे हा येथील इंग्रज सैनिकांचा आवडता खेळ होता. हा पक्षी टिपणे अवघड, म्हणून तो टिपणारा कुशल. पुढे पक्षी गेला, माणूस आला. शब्द मात्र तोच राहिला.

आता रायफलीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत नेमबाजांच्या हाती मुख्यतः मोसिन रायफल होती. तिचा मूळ आराखडा १८९१चा. प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढून पुढचे काडतूस नळीत घालावे लागे. गोळीच्या वायूच्या दाबाने हे काम आपोआप करणारी तोकारेव्ह रायफल दुर्बीण बसवून वापरून पाहण्यात आली. परंतु तिचा नेम पुरेसा भरवशाचा ठरला नाही आणि १९४२मध्ये मोसिनकडेच परतावे लागले. ही कोंडी फोडण्यासाठी १९५८मध्ये स्पर्धा जाहीर झाली. तीत सिमोनोव्ह, कॉन्स्तांतिनोव्ह आणि येवगेनी ड्रॅगुनोव्ह यांचे आराखडे उतरले. ड्रॅगुनोव्ह यांचा जन्म १९२०चा, इझेव्हस्क या शस्त्रनिर्मितीच्या गावातला. नेमबाजीच्या क्रीडास्पर्धांसाठी रायफली घडवण्यात त्यांचा हात बसलेला होता.

अडचण तत्त्वाचीच होती. नेम चांगला हवा, तर सुटे भाग एकमेकांत घट्ट बसले पाहिजेत. चिखलात, धुळीत, बर्फात रायफल अडू नये, तर त्यांच्यात मोकळीक हवी. शिवाय अर्धस्वयंचलित यंत्रणेतले भाग गोळी सुटताच हलू लागतात, हा आणखी एक व्यत्यय. ड्रॅगुनोव्ह यांनी या परस्परविरोधी मागण्यांत तडजोड साधली आणि १९६३मध्ये त्यांची रायफल सैन्यात दाखल झाली. ६२० मिलिमीटर लांबीची नळी, दहा काडतुसांचे मॅगझिन, चौपट मोठे दाखवणारी दुर्बीण आणि अंगठ्यासाठी जागा ठेवून मधोमध पोकळ केलेला लाकडी दस्ता, असे तिचे रूप. एकटे दडून बसणाऱ्या स्नायपरपेक्षा ती तुकडीबरोबर चालणाऱ्या नेमबाजाची रायफल होती. सोबत्यांच्या बंदुकांचा पल्ला संपतो तेथून पुढचे अंतर त्याच्याकडे.

यानंतरची घटना आम्हाला विशेष उद्बोधक वाटते. आरंभीच्या नळीतील आटे गोळीला ३२० मिलिमीटरमध्ये एक फेरा देत. पुढे चिलखतभेदी आणि आग लावणाऱ्या लांब गोळ्याही याच नळीतून नीट जाव्यात म्हणून १९७०च्या दशकात हे अंतर २४० मिलिमीटरवर आणले गेले. परिणामी खास नेमबाजांसाठीच्या काडतुसाने शंभर मीटरवर गोळ्यांचा उभा विखार सुमारे ३ सेंटिमीटर होता, तो साधारण ३.६ सेंटिमीटर झाला. याचा अर्थ, सैन्याने अचूकता जाणूनबुजून थोडी गमावली. त्याच्या मापात तेवढी चूक ही चूक नव्हती.

येथून या रायफलीचे दुसरे चरित्र सुरू होते, ते संग्राहकांच्या जगात. चीनने तिची प्रतिकृती केली. रुमानियाची पीएसएल बाहेरून तिच्यासारखी दिसते. आतून मात्र ती कलाश्निकोव्ह कुळातील हलक्या मशीनगनची वंशज. युगोस्लाव्हियाची एम-७६ही त्याच कुळातली. तिचे काडतूस तर जुने जर्मन. इराकच्या 'अल कादेसिया'च्या मॅगझिनवर खजुराचे झाड उमटवलेले असे. अमेरिकेत मात्र या साऱ्यांना सरसकट 'ड्रॅगुनोव्ह' म्हणण्याची सवय पडली. त्या देशाने १९८९मध्ये लष्करी घाटाच्या परदेशी अर्धस्वयंचलित रायफलींच्या आयातीवर निर्बंध घातले, १९९४मध्ये चिनी बंदुकांची आयात थांबवली आणि १९९६मध्ये रशियाशी झालेल्या कराराने तिकडची वाटही अरुंद केली. त्याआधी पोहोचलेल्या थोड्या चिनी रायफली आणि 'तीग्र', म्हणजे वाघ, या नावाची रशियन शिकारी आवृत्ती दुर्मीळ झाल्या. ही दुर्मिळता कारखान्यात जन्मलेली नाही. ती कायद्याने घडवलेली आहे.

संग्राहकाची दृष्टी पोथी तपासणाऱ्या अभ्यासकासारखी असते. नळी, झाकण, खटका यांवरचे क्रमांक जुळतात का? त्रिकोणातील बाणाची इझेव्हस्कची मुद्रा आहे का? दुर्बीण मूळचीच की मागाहून जोडलेली? तो कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडून विखार मोजतो, हाताने खटका ओढायच्या रायफलीशी तुलना करतो आणि पुष्कळदा निराश होतो. जुनी, ३२० मिलिमीटर आट्यांची नळी त्याला अधिक मोलाची वाटते. सैन्याने जे सोडून दिले, तेच तो शोधतो. या वेडाला हसण्याचे कारण नाही. कारखान्यांनी उघड न केलेले कितीतरी बारकावे अशाच हौशी माणसांच्या चिकाटीमुळे नोंदले गेले. पाठभेद टिपणारा आणि क्रमांक टिपणारा यांचे नाते आम्हाला परके वाटत नाही.

तथापि या दोन्ही मापांतून एक गोष्ट निसटते. या रायफलीच्या दुर्बिणीत, डावीकडे खाली, एक वक्ररेषा आखलेली आहे. तिच्यावर २ ते १० असे आकडे, म्हणजे दोनशे ते हजार मीटर. समोरच्या माणसाचे पाय आडव्या रेषेवर ठेवायचे. त्याचे डोके वक्ररेषेला जेथे टेकेल, तेथले अंतर वाचायचे. त्यासाठी त्याची उंची १.७ मीटर धरलेली आहे. अंतर मोजण्याची ही साधी, चलाख युक्ती. तिला यंत्राची वा विजेची गरज नाही. गरज आहे ती फक्त उभ्या असलेल्या माणसाची.

आमच्यातील बहुतेकांची उंची जवळपास तेवढीच आहे. म्हणून हा तपशील प्रथम वाचला तेव्हा आम्ही क्षणभर दुर्बिणीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिलो. सैन्याच्या तक्त्यात विखार असतो, संग्राहकाच्या वहीत क्रमांक असतात. दोन्ही नोंदी निर्दोष असू शकतात. ज्याच्या उंचीवर सारे गणित उभे आहे, तो माणूस मात्र दोन्हींत नाही. भारतीय सैन्यानेही ही रायफल दीर्घकाळ वापरली आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ दूरदेशीचा राहत नाही.

वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो की वर्णन नेमके असावे. ते खरेच आहे. त्याला आता एक पुरवणी जोडावीशी वाटते: नेमकेपणा तपासताना तो कशाला मोजतो हे पाहावे, आणि कोणाला मोजून विसरतो हेही पाहावे. काचेच्या कपाटात जपून ठेवलेल्या, एकदाही न झाडलेल्या रायफलीच्या दुर्बिणीतही ती वक्ररेषा असतेच. ती अजून १.७ मीटरच मोजते.