कांचेच्या शहरांतील विनोद

विनोदी चित्रपट एकदां पडला कीं बहुधा कायमचाच पडतो. गंभीर कलाकृतीला पुढची पिढी तरी न्याय देते. ज्या विनोदाला लोक हंसले नाहींत, त्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाहीं. या नियमाला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतील एकाची हकीकत आज सांगावयाची आहे. जाक ताती या फ्रेंच नट-दिग्दर्शकाचा ‘प्लेटाइम’ हा चित्रपट १९६७ च्या डिसेंबरांत पॅरिस येथें प्रथम दाखविला गेला, आणि प्रेक्षकांनीं त्याकडे पाठ फिरविली. आतां तो डीव्हीडी व ब्लू-रे तबकड्यांवर मिळतो. घरबसल्या, हवा तितक्या वेळां पाहतां येतो. त्याच्या नशिबीं आलेला हा पालट कसा घडला, हें पाहण्यासारखें आहे.

ताती (१९०७-१९८२) हा मूळचा मूकाभिनय करणारा रंगमंचावरील नट. उंच बांधा, आंखूड विजार, तोंडांत पाइप, हातांत छत्री आणि पुढें झुकलेली चाल, अशा थाटाचे ह्युलोमहाशय त्यानें १९५३ सालीं पडद्यावर आणले. १९५८ च्या ‘मों ओंक्ल’ला तर ऑस्कर पारितोषिक लाभलें. (नांवाचा अर्थ ‘माझा मामा’. फ्रेंचांना काका-मामांस मिळून एकच शब्द पुरतो. कथेंतील नातें मामाचें आहे.) इतक्या यशानंतर व्यवहारी माणसानें ह्युलोलाच पुन्हां पुन्हां नाचविलें असतें. तातीनें पॅरिसच्या वेशीवर एक शहरच बांधावयास घेतलें! पोलाद, कांच व काँक्रीट यांच्या इमारती, डांबरी रस्ते, त्यांवर चालू असलेले वाहतुकीचे दिवे, आणि या साऱ्यासाठीं स्वतंत्र वीजघर. लोक त्याला ‘तातीव्हील’ म्हणूं लागले. १९६४ पासून जवळजवळ तीन वर्षें चित्रपटाचें काम चाललें, आणि चित्रीकरण झालें तेंहि नेहमींच्या दुप्पट रुंद अशा ७० मिलिमीटर फिल्मवर.

एवढ्या खटाटोपांतून कथा म्हणावी तर जवळजवळ कांहींच निघत नाहीं. ह्युलो एका कचेरींत कोणाला तरी भेटावयास जातो व चुकतो. अमेरिकन स्त्रियांचा एक प्रवासी गट पॅरिस पाहावयास येतो. त्यांना पॅरिस दिसतें कोठें? आयफेल मनोरा दिसतो तो उघडत्या दाराच्या कांचेंतील क्षणभराच्या प्रतिबिंबांत. प्रवासी कंपनीच्या भिंतीवर देशोदेशींचीं चित्रें टांगलेलीं असतात; प्रत्येकावर तीच एक चौकोनी इमारत. शिवाय पडद्यावर एकाच वेळीं पांच-सहा ठिकाणीं कांहीं ना कांहीं चाललेलें असतें, आणि कोठें पाहावें हें दिग्दर्शक सांगत नाहीं. चेहरा जवळून असा तो दाखवीतच नाहीं. नायकाच्या मागोमाग जावयाची संवय असलेला प्रेक्षक येथें बावरला, यांत त्याला दोष देववत नाहीं.

आपण श्रोते असल्यामुळें या चित्रपटाच्या दुसऱ्या अंगाकडे विशेष लक्ष वेधावेंसें वाटतें. त्यांत संभाषणाला फारसें मोल नाहीं. बोलतात ते आवाज. लांबलचक मार्गिकेच्या टोकाला एक माणूस ठिपक्याएवढा दिसतो. त्याच्या बुटांची टकटक तो येण्याच्या कितीतरी आधीं येऊन पोंचते, आणि ह्युलोला उगाच उठबस करावी लागते. प्रतीक्षागृहांतील काळ्या खुर्च्या, बसणारा उठला कीं, उसासा सोडून पुन्हां फुगतात. आवाज न करणारें दार विकणारा व्यापारी संतापानें तें दार धाडकन् आपटतो, आणि आवाज येतच नाहीं!

चित्रपट पडला. तातीनें तो स्वतःच्या हातानें कापून लहान केला, त्यानेंहि कांहीं झालें नाहीं. कर्जापायीं राहतें घर गेलें, पूर्वींच्या चित्रपटांचे हक्क गेले आणि तें कांचेचें शहर जमीनदोस्त झालें. २००२ सालीं चित्रपटाची दुरुस्त केलेली प्रत पुन्हां ७० मिलिमीटरवर निघाली. २०२२ मध्यें ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकानें घेतलेल्या समीक्षकांच्या कौलांत त्याला २३ वें स्थान मिळालें. हें पाहावयास ताती उरला नव्हता.

तथापि घरीं पाहण्यांत एक मोठी गैरसोय आहे. विशाल पडद्यासाठीं रचलेली ही गर्दी बैठकीच्या खोलींतील पडद्यावर मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते, आणि शेंकडों अनोळखी माणसांबरोबर हंसण्याचा आनंद तर जातोच. उलट, चित्रपटगृहांत निसटलेला विनोद तेथेंच हरवत असे. येथें तबकडी मागें फिरवून तो हुडकतां येतो. तातीचा विनोद हुडकण्याचाच असल्यामुळें, माझ्या मतें, हा सौदा अगदींच तोट्याचा नाहीं. मात्र जमेल तेवढा मोठा पडदा मिळवावा.

गमतीची गोष्ट अशी कीं घरबसल्या प्रेक्षकाचें चित्र तातीनें आधींच काढून ठेविलें आहे. शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांच्या दर्शनी भिंती संपूर्ण कांचेच्या. आपण रस्त्यावर उभे. कानांवर वाहनांचा आवाज, आंतला एक शब्दहि नाहीं. दोन्हींकडचे टेलिव्हिजन मधल्या भिंतींत बसविलेले, म्हणून दोन्हीं कुटुंबें एकमेकांकडेच टक लावून बसल्यासारखीं भासतात. एक गृहस्थ कोट उतरवूं लागतो, तर पलीकडील बाई जणूं त्यालाच न्याहाळीत असते.

उत्तरार्धांत एका नव्या उपाहारगृहाच्या उद्घाटनाची रात्र आहे. रंग वाळलेला नाहीं, फरशी वाढप्याच्या बुटाला चिकटून येते, कांचेचें दार फुटतें आणि दरवान उरलेली मूठ हातांत धरून नसलेलें दार अदबीनें उघडीत राहतो. या धामधुमींत एका मेजाजवळ एक मोठा मासा ठेवलेला आहे. जो तो वाढपी येऊन त्याच माशावर मीठ-मिरें पेरून जातो. पहिल्या खेपेस तो बहुधा नजरेंतून सुटेल. दुसऱ्या खेपेस केवळ त्याच्यावर डोळा ठेवून बसावें.